परिचारिकेची वही

अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, कोविडच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि निदान अकरा रुग्ण प्राणास मुकले. पुढे ज्यांना अटक झाली त्यांत एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिका होत्या. दोष कोणाचा, याचा निवाडा न्यायालयाचा. त्यात आम्ही शिरत नाही. परंतु परिचारिकेकडून आपण नेमकी कशाची अपेक्षा करतो आणि त्यासाठी तिच्या हाती काय देतो, हा प्रश्न त्या आगीबरोबर विझलेला नाही.

शुश्रूषा म्हणजे डॉक्टरांचा हुकूम बजावणे, अशी समजूत सुशिक्षितांतही अद्याप आहे. वस्तुतः शुश्रूषेचे स्वतंत्र शास्त्र असून त्याचा क्रम ठरलेला आहे: रुग्णाची पाहणी, त्यावरून त्याच्या गरजेचे निदान, उपायांची आखणी, अंमल, आणि गुण आला की नाही याची फेरपाहणी. न्युमोनियाचे निदान डॉक्टर करतो; रुग्णाला कफ बाहेर टाकता येत नाही, हे परिचारिकेचे निदान. मग ती त्याला टेकून बसवते, श्वास मोजते, तासाभराने पुन्हा मोजते आणि तो वाढला असल्यास डॉक्टरांस बोलावते. या दुसऱ्या मोजणीने पुष्कळदा जीव वाचतो. आणि कामाचा बोजा पडला की सर्वांत आधी गळते तीही हीच.

ही शिस्त मोठ्या शहरांतच पाळता येते असेही नाही. याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम आरंभिले, आणि खेड्यांतल्या निरक्षर स्त्रियांना मुलांची वजने घेणे, गरोदर स्त्रीची विचारपूस करणे व पुन्हा घरी जाऊन पाहणे शिकविले. त्या शिकल्या. तेव्हा अडचण बुद्धीची नव्हे.

अडचण संख्येची आहे. सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचे मान आहे; व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे तर प्रत्येक पाळीत एक हवी. सरकारी रुग्णालयात ज्याने आप्ताच्या उशाशी रात्र काढली आहे, त्याला हे मान कोठवर पाळले जाते ते सांगावयास नको. एकटीने तीस रुग्ण सांभाळणारी परिचारिका फेरपाहणीची वेळ वहीत लिहील, पण प्रत्येक वेळी खाटेपाशी पोहोचेलच असे नाही. आणि चौकशीच्या दिवशी उघडली जाते ती तीच वही. शिवाय औषधांचा साठा जुळवणे, नोंदवह्या भरणे ही कारकुनी तिच्याच गळ्यात.

विजेची तारजोडणी किंवा बाहेर पडण्याची दुसरी वाट तिच्या अखत्यारीत नसते. संकटात रुग्ण हलवणे मात्र तिच्याच माथी येते. शासनाने एवढे तरी करावे: प्रत्येक कक्षाच्या दारावर, त्या पाळीत किती रुग्ण आणि किती परिचारिका, हे रोज खडूने लिहावे. त्यास अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. रिक्त पदे भरण्यास ती लागेल, आणि तो फळा लोकांच्या नजरेसमोर असता ती फार काळ लांबणीवर टाकणे कोणत्याही मंत्र्यास सोपे जाणार नाही.