मुलाखत कोणाची?

मुलाखतीत परीक्षा उमेदवाराची होते, असा सार्वत्रिक समज आहे. त्याच वेळी संस्थेचीही परीक्षा होत असते, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. आपल्या व्यवसायात तर या दुसऱ्या परीक्षेचा निकाल अखेरीस रुग्णाला भोगावा लागतो.

गेल्या वर्षी पलासिया भागातील एका लहानशा थेरपी कंपनीत मी फिजिओथेरपिस्टच्या जागेसाठी मुलाखत दिली. पक्षाघाताच्या रुग्णांवरील उपचारांचा सहा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. त्याविषयी एकही प्रश्न आला नाही. तासाला किती रुग्ण 'काढाल', दहा बैठकींचे पॅकेज किती जणांना घ्यायला लावाल, घरी लहान मूल असताना संध्याकाळची पाळी कशी जमेल, एवढीच चौकशी झाली. वेतनाचा आकडा विचारताच, 'आधी पंधरा दिवस काम करून दाखवा,' असे उत्तर मिळाले. त्या दिवसांचा मोबदला नव्हता. मूळ प्रमाणपत्रे जमा करावीत आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षे इंदूरात व्यवसाय करू नये, अशाही अटी होत्या. मी नम्रपणे नकार दिला.

निराशा झाली ती नोकरी हुकल्याची नव्हे. पक्षाघातानंतर दुबळा झालेला हात घाईने ओढला, तर खांदा दुखावतो. रुग्णाला पुन्हा उभे करायचे, तर वेळ आणि धीर दोन्ही हवेत. एखाद्याचे दुखणे चार भेटींत आणि घरच्या व्यायामाने आटोक्यात येत असेल, तर त्याला दहा बैठकी का विकाव्यात? उमेदवाराला जिथे केवळ आकड्यांनी मोजले जाते, तिथे रुग्णाचीही मोजणी तशीच होणार.

लहान संस्थांच्या अडचणी मी जाणते. पलासियासारख्या भागातील भाडे जड असते. शिकवून तयार केलेली माणसे सोडून जातात, क्वचित रुग्णही सोबत नेतात. परंतु त्यावर धाक हा उपाय नव्हे. नोकरी सोडल्यानंतर व्यवसायास बंदी घालणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. माणसे टिकतात ती योग्य वेतनाने आणि सन्मानाने. २०२१ च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने फिजिओथेरपीला आरोग्यसेवा व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे. मुलाखतीच्या मेजावरही ती दिसावी.

आपल्या मंडळातील अनेक सभासद स्वतःची चिकित्सालये चालवितात. त्यांना माझी विनंती एवढीच : वेतन व कामाचे तास आधी सांगावेत, प्रमाणपत्रे पाहून लगेच परत करावीत, चाचणीच्या दिवसांचे पैसे द्यावेत आणि एक प्रश्न तरी रुग्णाविषयी विचारावा. निवड झाली नाही, तर दोन ओळींत तसे कळवावे. यास फारसा खर्च येत नाही. संस्थेची पत मात्र निश्चित वाढते.