मुलांना कीबोर्ड घेताना : दिवे नकोत, पट्ट्या मोजा

दिवाळी आणि तिच्या पाठोपाठ थँक्सगिव्हिंगचे सेल आले, की आपल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो. मुलांकडे टॅब्लेट आहे, त्यावर संगीत करायची हौस आहे. तर त्याला जोडायला छोटा मिडी कीबोर्ड कोणता घ्यावा? दुकानात पंचवीस पट्ट्या, आठ रंगीत पॅड आणि फिरवायच्या आठ खुंट्या असलेले सुबक यंत्र दिसते आणि आपण ते उचलतो. माझे मत असे, की आपल्या घरांनी ही खरेदी जरा वेगळ्या हिशेबाने करावी.

मुळात या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप तो टॅब्लेटला देतो. सूर काढते ते टॅब्लेटमधले ॲप. निरोपाची ही पद्धत, म्हणजे मिडी, १९८३ सालापासून चालत आली आहे. तेव्हा महाग कीबोर्ड घेतल्याने सूर गोड होत नाही. पैसे मोजायचे ते बोटांखाली काय येते, त्याचे.

आता आपली गरज पाहा. मंडळाच्या कार्यक्रमांत बहुतेक गाणी कराओके ट्रॅकवर होतात. ट्रॅकची पट्टी ठरलेली आणि लयही ठरलेली. गाणारी मुलगी त्या पट्टीपर्यंत ओढूनताणून पोचते. तिला एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली तरी ट्रॅक थांबत नाही. पेटीची साथ करणारे मोजकेच उरले आहेत आणि पेटीचा सूर बिघडला तर दुरुस्त करणारा इथे सहजी सापडत नाही. घरातल्याच मुलाने बहिणीला तिच्या पट्टीत साथ केली, तर हे चित्र पालटेल. कीबोर्ड निवडायचा तो त्यासाठी.

साथीला पंचवीस पट्ट्या अपुऱ्या पडतात. त्या सहसा सी पासून सी पर्यंत, दोन सप्तके. मंद्र पंचम ते तार पंचम एवढा पल्ला धरला, तर तो त्यांत नेमका बसतो फक्त पांढरी चारमध्ये! बाकी कुठल्याही पट्टीत गाण्याच्या मध्येच सप्तक बदलायचे बटण दाबावे लागते. पट्टी बदलून देणारे बटणही असते. पण त्याची सवय लागली, की मुलाला काळी चारमधून वाजवता येणे राहूनच जाते. आपल्या पेटीला साधारण तीन ते साडेतीन सप्तके असतात. म्हणून सदतीस पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा. बारीक पट्ट्यांचा घेतला तर लांबी दोन फुटांच्या आत राहते आणि तो पाठीवरच्या पिशवीत मावतो.

दुसरी गोष्ट, सूर वळवायचे चाक, दांडी किंवा स्पर्शपट्टी हवीच. मींड पेटीतून निघत नाही; आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हा तिच्यावरच्या आक्षेपांत हाही एक होता. या चाकाने सूर सहसा दोन स्वरांतरे वर-खाली सरकवता येतो. गळ्याची सर त्याला येणार नाही, पण मुलाला मींड कानाने कळू लागते. काही अगदी छोट्या कीबोर्डांवर चाकाऐवजी नुसती दोन बटणे असतात. ती या कामाची नाहीत.

तिसरी गोष्ट जोडणीची. २०२२ साली आलेल्या साध्या आयपॅडपासून हेडफोनचे भोक गेले आहे. उरलेल्या एकाच तोंडाला कीबोर्ड, चार्जर आणि हेडफोन असे तिघे भांडतात. तेव्हा या तिन्हींची सोय असलेला छोटा हब त्याच वेळी घ्या. ब्लूटूथ हेडफोन मात्र टाळा. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा ऐकू येतो आणि शिकणाऱ्याची लय बिघडते.

पॅड वाईट, असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलाला ताल रचायचे आहेत, हिप-हॉप करायचे आहे, त्याला पॅडच द्या. तेही संगीतच आहे. फक्त विकत घेण्याआधी त्याला एकदा विचारा. पुष्कळदा आपण दिवे पाहून घेतो आणि यंत्र कपाटात जाते.

शेवटी कार्यकारिणीला एक सूचना. सदतीस पट्ट्यांचा एक कीबोर्ड आणि हब मंडळाने विकत घ्यावा आणि ज्या घरांना हवा त्यांना दोन-दोन महिने वापरायला द्यावा. खर्च एका कार्यक्रमाच्या चहा-फराळाहून फारसा जास्त होणार नाही. आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात निदान एक गाणे ट्रॅकशिवाय, मुलांच्याच साथीवर ठेवावे, ही विनंती.