सोंग उतरवायचं कुणी?

परभणीत मध्यंतरी मुखवट्यांच्या एका शिबिराला गेलो होतो. पुठ्ठ्याचा मुखवटा रंगवायचा, तोंडावर चढवायचा आणि त्याच्या आवाजात बोलायचं. त्यानं मन मोकळं होतं, आत्मिक उन्नती होते, असं पत्रकात छापलेलं. चाळिशीतल्या एका बाईंनी सासूचा मुखवटा केला आणि सासूच्या आवाजात स्वतःलाच बोल लावता लावता त्या हुंदके देऊ लागल्या. संयोजकांनी घड्याळ पाहिलं, टाळ्या वाजवायला लावल्या, पुढचं नाव पुकारलं.

मला गंगाखेडकडचं एक गाव आठवलं. मी तेव्हा बँकेत वसुलीला होतो. एक थकबाकीदार शेतकरी माझ्यापुढे मान खाली घालून उभा राही. ‘पिकलं नाही सायेब’, यापुढे शब्द नाही. त्या वर्षी सप्ताहात रात्री भारूड होतं. नाथांच्या ‘रोडग्या’त हाच गडी लुगडं नेसून, मिशीवर पदर ओढून सासुरवाशीण झाला. सासू, सासरा, नणंद यांच्यापासून सोडव, असं सून भवानीला साकडं घालते. आतला अर्थ प्रपंचाच्या पाशातून सुटण्याचा. यानं पदरचं एक मागणं घातलं, बँकेचा सायेब अन् त्याची जीपही ने! सगळं गाव माझ्याकडे वळून हसलं. मीही हसलो, करतो काय? मग त्याच सुनेच्या तोंडून विकलेला बैल आला, आटलेली विहीर आली, पोरींची लग्नं आली. माझ्या फायलीत यातलं काहीच नव्हतं.

पण खरं काम पुढेच झालं. भारुडाचा अर्थ सांगून झाला, आरती झाली, त्यानं तोंड धुतलं आणि दोघं-तिघं जुने टाळकरी चहा होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. सकाळी तो बँकेत आला नि पहिल्यांदाच खुर्चीवर बसला. कर्ज काही फिटलं नाही, हप्ते तेवढे बांधून दिले.

नाट्योपचाराचं मला वावडं नाही. १९२१ साली व्हिएन्नात जेकब मोरेनो यांनी मनोनाट्याची सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीतही खेळ संपला की मंडळी गोलात बसून आपापलं सांगतात. आमच्या शिबिरवाल्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा उचललाय, आणि फी मात्र पुऱ्याची घेतात.

संध्याकाळी त्या बाई बसस्टँडवर भेटल्या. मुखवटा वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरलेला. चहा घेतला. म्हणाल्या, “काका, हा घरी ठेवू कुठं? सासूबाई आहेत अजून.”