स्पिरिटला सलाम पुरे, आता सवाल!

मुंबईत काही भयंकर घडलं की दुसऱ्या दिवशी एक शब्द हमखास कानावर पडतो, ‘मुंबई स्पिरिट’. सकाळी लोकल भरून धावल्या की नेते आणि चॅनेलवाले या स्पिरिटला सलाम ठोकतात. आपलीही कॉलर ताठ होते. पण दारात लटकणाऱ्या एखाद्याला विचारून बघा. तो म्हणेल, ‘स्पिरिट कसलं? खाडा केला तर पगार कापला जातो.’

११ जुलै २००६ ची संध्याकाळ. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नसतील. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. रुळांलगतच्या वस्त्यांमधले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, त्यांची झोळी करून जखमींना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी लोकल सुरू होत्या. पुढे काय झालं? २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ‘गुन्हा सिद्धच झालेला नाही’ म्हणत सगळ्यांना निर्दोष सोडलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. म्हणजे १९ वर्षांनंतरही ते बॉम्ब कुणी ठेवले, याचं पक्कं उत्तर आपल्याकडे नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना न्याय नाही. आणि तुरुंगातले लोक खरंच निर्दोष असतील, तर त्यांचं अख्खं तारुण्य गेलं. आपण काय केलं? निकालाच्या दिवशी स्टेटस टाकलं, दोन दिवस वाद घातला आणि विसरलो.

आता २६/११. तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक पकडून ठेवली. सीएसटीचे उद्घोषक विष्णू झेंडे गोळीबार चालू असताना माइकवरून प्रवाशांना वाट सांगत राहिले. माणसं कमी पडली नाहीत, व्यवस्था कमी पडली. एनएसजीचा तळ तेव्हा दिल्लीजवळ मानेसरला होता, कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत सकाळ उजाडली. नंतर मात्र लोक चिडले. गेटवेवर हजारोंची गर्दी जमली आणि तिने सरकारला जाब विचारला. मुख्यमंत्र्यांपासून केंद्रीय गृहमंत्र्यांपर्यंत राजीनामे झाले. एनआयए आली, ‘फोर्स वन’ उभी राहिली, मुंबईत एनएसजीचं केंद्र झालं. हे नुसत्या सलामांनी झालं असतं का?

‘अशा वेळी प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह’ असं कुणी म्हणालं, तर त्याला नॉर्वेचं उदाहरण द्या. २२ जुलै २०११ ला तिथे एका माथेफिरूने ७७ जणांना मारलं. पंतप्रधानांनी सांगितलं, आमचं उत्तर जास्त लोकशाही हेच असेल. एवढं बोलून ते थांबले नाहीत. सरकारने चौकशी आयोग नेमला, वर्षभरात अहवाल सगळ्यांसमोर आला. त्यात पोलीस आणि सरकार दोघांच्याही चुका स्पष्ट मांडल्या होत्या. पोलीस प्रमुखांना पद सोडावं लागलं. देश काही कमकुवत झाला नाही.

पण सगळं सरकारवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही. २६/११ ला चॅनेल्स कमांडोंच्या हालचाली लाइव्ह दाखवत होती, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये त्याबद्दल चॅनेल्सना खडे बोल सुनावले. आज तोच कॅमेरा आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर भलत्याच जोडप्याचा व्हिडिओ एका मृत नौदल अधिकाऱ्याचा ‘शेवटचा व्हिडिओ’ म्हणून फिरला. ‘अहो, आम्ही जिवंत आहोत,’ असं त्या जोडप्याला जाहीरपणे सांगावं लागलं. त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना धमक्या आल्या. पर्यटकांना वाचवायला पुढे होऊन जीव गमावलेला घोडेवालाही काश्मिरीच होता, हे किती जणांनी फॉरवर्ड केलं? शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने बघावं, हेच तर हल्लेखोरांना हवं असतं. ते काम आपण फुकटात कशाला करून द्यायचं?

मग करायचं काय? पोलिसांची कारवाई चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा. खात्री नसलेलं काहीही पुढे पाठवू नका. रक्तदान फक्त हल्ल्याच्या दिवशी नको. रक्त फार तर सहा आठवडे टिकतं, म्हणून वर्षभर अधूनमधून देत राहा. आणि मेणबत्त्या विझल्यावर प्रश्न विचारत राहा. स्टेशनवरची मेटल डिटेक्टरची चौकट पीं पीं वाजते आणि कुणी ढुंकूनही बघत नाही, हे तुम्ही रोज बघता. माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. मत मागायला येणाऱ्याला विचारा, चौकशीच्या शिफारशींचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी कामावर जाणं आपल्याला चुकणार नाहीच. जाऊया. पण जाताना हा प्रश्नही सोबत घेऊन जाऊया.