नकारावर सही कोणाची?

ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या राशन दुकानावर म्हातारी बाई मशिनवर अंगठा टेकवते, पदराला पुसते, पुन्हा टेकवते. विटा वाहून, भांडी घासून झिजलेल्या रेषा मशिनला दिसत नाहीत. हातात धान्यासाठीची पात्रता पर्ची आहे, दुकानदार तिला चांगला ओळखतो. तरी पडद्यावर नकार उमटला की 'उद्या या'. म्हणजे उद्याचीही मजुरी बुडाली. आणि धान्य का मिळाले नाही, याचा कागद तिच्या हाती पडत नाही.

धोक्याची घंटा आहे ती इथे. मध्य प्रदेशाने 2010 साली देशात सर्वांत आधी लोकसेवा हमी कायदा केला. अर्जाची पावती, कामाला मुदत, दिरंगाई केली तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये आणि कमाल 5000 रुपये दंड. अधिकाऱ्याला जाब विचारण्याचे बळ ज्या राज्याने दिले, तिथेच आज राज्याचा ओळख क्रमांक म्हणजे समग्र आयडी, आधार आणि बँक खाते यांत नाव जुळले नाही की काम अडते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे नवे नाही: एका कागदावर 'काळे', दुसऱ्यावर 'काले'. कियोस्कवाला म्हणतो, सर्व्हर घेत नाही; कचेरी म्हणते, वरूनच बंद आहे. दंड करायचा कोणाला?

पात्र माणसाला ओळख पटली नाही म्हणून लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात म्हटले. त्याआधीच, ऑक्टोबर 2017 मध्ये, आधार प्राधिकरणाने अशा वेळी पर्यायी मार्गाने धान्य देण्याचे परिपत्रक काढले होते. प्रश्न नियमांचा नाही, ते पाळले नाहीत तर कोण उत्तर देणार, याचा आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला. जोखीम ठरवण्याचे काम संगणकाकडेही होते. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला त्यापायी राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे एका कारकुनालाही खुलासा द्यावा लागत नाही.

राज्य सरकारने मशिनचा प्रत्येक नकार 2010 च्या कायद्याखाली आणावा. कारण, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि दुरुस्तीची मुदत छापलेली पावती जागच्या जागी मिळाली पाहिजे. तोवर अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य रोखू नये. नोंदवहीत सही किंवा शाईचा अंगठा घेऊन ते त्याच दिवशी द्यावे.