पट्टी उतरवण्यात कमीपणा कसला?

आपल्या भोपाळातील जुन्या मराठी घरांतून मुलांना गाणे शिकवण्याची हौस मोठी. पण गणेशोत्सवात चारचौघांसमोर एखाद्याचा सूर फाटला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भीती कसली? पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवा." दुसरा तंबोऱ्यावर खोळ चढवून मोकळा होतो. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत, आणि दाखल्यासाठी फार लांब जायला नको. देवास आपल्या शेजारीच आहे.

१९४८ साली कुमार गंधर्व देवासला आले ते क्षयाने ग्रासलेले. वय पंचविशीच्याही आत. देवधर मास्तरांचे शिष्य, बालपणापासून मैफली जिंकलेले. आणि डॉक्टरांनी गाणेच बंद केले! पुढे स्ट्रेप्टोमायसिनने आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झाले ते झालेच. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले.

ही जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण जिद्दीने गेलेला दमसास परत येत नसतो. 'पूर्वीसारखे गाता येईल का?' या भीतीचे खरे उत्तर 'नाही' असेच होते. कुमारजींनी पूर्वीच्या गाण्याचा पाठलाग केला नाही. अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातली लोकगीते ऐकली, त्या धुनांत रागांची बीजे शोधली. मालवती, लगनगांधार हे राग त्यांनीच दिले. परतलेले गाणे लहान लहान, टोकदार स्वरवाक्यांचे होते. ही शैली म्हणजे फुप्फुसाची देणगी, असे काही जाणकार म्हणतात. तसे असते तर त्या काळच्या प्रत्येक क्षयरोग्याने नवे घराणे काढले असते!

म्हणून अडखळलेल्या मुलाला आधी पट्टी उतरवून द्यावी. तार षड्ज फुटतो ना? मग काही महिने मध्य सप्तकातच रमू द्यावे. पट्टी उतरवण्यात आपल्याकडे उगीच कमीपणा मानतात. नंतर घरच्या चार माणसांपुढे गाऊ द्यावे, मग शेजाऱ्यांपुढे.

उत्सवाच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. गेल्या वर्षी अडखळलेल्यांची नावे यादीतून परस्पर गाळू नयेत. त्यांना विचारावे. गायला नको म्हणाले, तर दुसऱ्याच्या गाण्याला तंबोऱ्यावर बसवावे.