मास्टर चार्टमधले दरोडेखोर

सरकारी रुग्णालयात उपचार फुकट मिळतात, असे म्हणणाऱ्याने आधी आपली जीभ आवरावी. तिथे फुकट काहीही मिळत नाही. रात्रीच्या एसटीने येऊन सकाळी केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा माणूस त्या उपचारांची किंमत आपल्या देहाने चुकती करतो. त्याच्या पोटावर एकामागून एक विद्यार्थी हात ठेवतात आणि यकृत चाचपायला शिकतात. त्याच्या छातीला आळीपाळीने दहा स्टेथोस्कोप लागतात. त्याची बायको बाळंत होते तेव्हा टेबलाभोवती अनोळखी पोरांचा घोळका उभा असतो. तो तक्रार करत नाही. पोरे शिकताहेत, शिकू द्या, एवढेच म्हणतो. या देशातले डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या अशाच माणसांच्या अंगावर शिकले. हे कर्ज फेडायचा एकच रस्ता आहे. त्याच्या आजारातून जे कळले ते जसेच्या तसे लिहून ठेवायचे, म्हणजे त्याच्यामागून त्याच खाटेवर येणारा वाचेल. त्या लिहिण्याला संशोधन म्हणतात. आणि तेच आज आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत खोटे लिहिले जात आहे.

एमडी, एमएस होऊ पाहणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध सादर करावा लागतो. वॉर्डात त्याला सगळे थिसिस म्हणतात. थिसिसच्या शेवटी मास्टर चार्ट असतो. आडवे पान, मुंगीच्या पायांएवढी अक्षरे, एका ओळीत एक रुग्ण. अनुक्रमांक, केसपेपर नंबर, वय, लिंग, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर. परीक्षक हे पान उघडतच नाहीत, आणि आमचा सारा आरोप याच पानावर आहे. असा एखादा चार्ट हातात घ्या आणि रक्तदाबाच्या रकान्यावरून बोट खाली न्या. 120, 130, 140, 110, 150. खालचा आकडा 80, 90, 80, 70. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनाच्या खुणा असतात. पारा नीट वाचला तर 124 येतो, 138 येतो, 116 येतो. शून्याने संपणारा आकडा पाचांत एखादा. शंभरच्या शंभर रुग्णांचा रक्तदाब शून्यानेच संपत असेल, तर एक तर मोजणाऱ्याने पाऱ्याकडे धड पाहिले नाही, नाही तर यंत्राच्या पट्ट्यात कोणाचा दंडच नव्हता. असे चार्ट आम्ही पाहिले आहेत.

बोट आणखी पुढे न्या. अ गटात बरोबर पन्नास, ब गटात बरोबर पन्नास. सहा महिन्यांच्या फॉलोअपला सगळे हजर. ज्या ओपीडीत पुढच्या सोमवारी बोलावलेला माणूस मजुरी बुडते म्हणून येत नाही, पेरणी लागली म्हणून येत नाही, एसटीच्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून येत नाही, त्याच ओपीडीत शंभर माणसे सहा महिने एकही तारीख न चुकवता आली, असे हा चार्ट बेधडक सांगतो. त्यांतला कोणी मेला नाही, कोणी गाव सोडले नाही, कोणी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला नाही. असे शंभर रुग्ण महाराष्ट्राच्या कोणत्या तालुक्यात राहतात?

हे रुग्ण कुठे जन्माला येतात तेही उघड गुपित आहे. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर झेरॉक्स आणि बाइंडिंगची दुकाने असतात. थिसिस टाइप करून मिळते, स्टॅटिस्टिक्स करून मिळते, आणि मुदत अंगावर आली की आकडेही भरून मिळतात. ज्याने आयुष्यात रुग्ण पाहिला नाही असा माणूस संगणकापुढे बसून रुग्णाला हिमोग्लोबिन देतो. मग निष्कर्ष निघतो, पी व्हॅल्यू हवी तेवढी खाली येते, सोनेरी अक्षरांचे काळे बाइंडिंग होते, आणि गाइड सही करतो: सदर काम माझ्या देखरेखीखाली झाले. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण मराठीत आहेच. इथे तर जन्मालाच न आलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाल्ले जाते.

सगळेच थिसिस असे नसतात. आजही असे रेसिडेंट आहेत जे पहाटे तीनला झोपलेल्या रुग्णाला उठवून मोजमाप घेतात आणि आलेला वाकडा आकडा वाकडाच लिहितात. त्यांना आम्ही हात जोडतो. पण शेजारच्या खोलीतल्या बनावट थिसिसलाही तीच पदवी मिळते, हा अन्याय पहिल्यांदा त्यांच्यावरच होतो.

या पापाचा धनी कोण? सव्वीस-सत्तावीस वर्षांचा रेसिडेंट गुन्ह्यात सहभागी आहे, हे आम्ही लपवणार नाही. परंतु त्याला फासावर चढवून बाकीच्यांना मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. निवासी डॉक्टरला सलग बारा तासांहून अधिक राबवू नये, असे केंद्र सरकारने 1992 सालीच सांगून ठेवले आहे. त्याला छत्तीस-छत्तीस तास उभे ठेवणारे, रक्ताच्या बाटल्या आणायला पळवणारे, स्ट्रेचर ओढायला लावणारे आणि वर ‘थिसिसचं काय झालं?’ असे दटावणारे लोक या खोटेपणाचे खरे जनक आहेत. गाइड जनक आहे, कारण मार्गदर्शन म्हणून त्याने फक्त सही दिली. एथिक्स कमिटी जनक आहे. 2019 च्या नियमांनी नव्या औषधांच्या चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या समितीत किमान सात सदस्य आणि निम्मे तरी बाहेरचे हवेत असा दंडक घातला, तो रुग्णासाठी भांडणारे कोणी तरी त्या टेबलाशी असावे म्हणून. थिसिसच्या सिनॉप्सिसचे गठ्ठे चहा गार व्हायच्या आत मंजूर करायचे असतील, तर ती समिती बरखास्त करा. विद्यापीठ जनक आहे, कारण त्याने प्रबंधाची पाने मोजली, रुग्ण मोजले नाहीत.

आणि सगळ्यांत मोठा जनक, वैद्यकीय शिक्षणाचा नियामक, दिल्लीत बसतो. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयातील समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 ते 2014 या दहा वर्षांचा हिशेब मांडला होता. तपासलेल्या 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांतून दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघाला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या 25. या लाजिरवाण्या दुखण्यावर मेडिकल कौन्सिलने आणि नंतर तिच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काय औषध दिले? ना वेळ दिला, ना संख्याशास्त्रज्ञ दिला, ना नोंदी जपायला माणूस. बढती हवी तर निबंध दाखवा, एवढा हुकूम सोडला. हुकूम सुटताच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली, आणि न पाहिलेल्या रुग्णांचे न केलेले अभ्यास तिथे छापून आले. निबंध नव्हते तेव्हा निदान अज्ञान तरी प्रामाणिक होते. आता खोट्या आकड्यांचा ढीग साचला आहे, आणि उद्या कोणी त्या ढिगातून सरासरी काढून एखाद्या गर्भवतीला द्यायचा डोस ठरवील.

ज्यांना हे सारे अपरिहार्य वाटते, त्यांनी परळला जावे. केईएम रुग्णालयात रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाचे पन्नास रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधा दिली, रक्तदाब मोजला, लिहिला, आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. देशी वैद्यांना ठाऊक असलेली मुळी त्या एका निबंधाने जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या हाती गेली. तोच रक्तदाब, तोच दंडावरचा पट्टा, तोच गरीब मुंबईकर. फरक एवढाच की वकिलांचे रुग्ण हाडामांसाचे होते.

किंवा महाडला जावे. नागपूर आणि पुण्याच्या सरकारी महाविद्यालयांत शिकलेले हिंमतराव बावस्कर तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेल्या पोरांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. घाम किती आला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी चालली, फुप्फुसात पाणी कधी भरले, हे त्यांनी तासातासाला टिपून ठेवले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध त्यांनी या विषावर चालवून दाखवले आणि कोकणात शेकड्याला तीस-चाळीस जीव घेणारा विंचू शेकड्याला एकावर आला. प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते, बढतीची अट नव्हती. खाटेवर मरणारे पोर होते आणि त्याच्याकडे बघणारा डॉक्टर होता. संशोधनाला सर्वांत आधी लागते ते हेच, आणि आमच्या वॉर्डांतून नेमके तेच हद्दपार झाले आहे.

हे जुने झाले म्हणता? मग 2023 ची गोष्ट घ्या. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडात क्षयाच्या 2,800 रुग्णांना आणि त्यांच्या घरच्या 10,345 माणसांना गाठले. निम्म्या भागात घरच्यांनाही दरमहा शिधा दिला. वजने घेतली, पुन्हा घेतली. या शिध्याने घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. हा निकाल टिपलेल्या प्रत्येक आकड्याच्या खरेपणावर उभा आहे. त्या आकड्यांतले निम्मे जरी कोणी दुकानात बसून भरले असते, तरी आज कोणत्या तोंडाने आम्ही सरकारपुढे क्षयरुग्णाच्या घरासाठी डाळ-तांदूळ मागितले असते?

खोट्या आकड्याचा सख्खा भाऊ म्हणजे खोटी संमती. दोन्ही एकाच बापाची पोरे, आणि त्या बापाचे नाव गरिबाला माणूस न समजणे. दिल्लीत 1976 पासून बारा वर्षे एक सरकारी अभ्यास चालला. गर्भाशयमुखाच्या पेशींत बिघाड झालेल्या अकराशेहून अधिक स्त्रियांवर उपचार न करता, बिघाड कुठवर जातो ते पाहत बसले. लेखी संमती नव्हती. त्यांतल्या काहींना पसरलेला कर्करोग झाला आणि देशाला हे कळायला 1997 साल उजाडले. पुढे 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना त्याच कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची लस टोचली गेली. लस चांगली आहे, आमच्या लेकींना ती मिळालीच पाहिजे, आणि लस टोचल्यानंतर तिथल्या काही मुली दगावल्या, त्या मृत्यूंचा दोषही चौकशीत लसीवर आला नाही. पण संसदेच्या समितीपुढे आलेल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही निघाली. आदिवासी आईबापांना विचारायचीही गरज वाटली नाही! आणि 2005 ते 2012 या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान 2,644 माणसे दगावल्याचे सरकारने स्वतः सर्वोच्च न्यायालयात सांगितले, ते इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने कोर्टाची पायरी चढल्यामुळे. त्यांतले 80 मृत्यू चाचणीमुळेच झाल्याचे सरकारने मान्य केले. बाकीचे आपापल्या आजाराने गेले असे सांगितले गेले. ज्या देशात मास्टर चार्टमधला रुग्ण दुकानात तयार होतो, त्या देशात मृत्यूच्या कारणाचा रकाना कोणी कसा भरला असेल, ही शंका घ्यायचा हक्क मेलेल्यांच्या नातेवाइकांना आहे.

वॉर्डात आजही संमती कशी घेतली जाते? ऑपरेशनच्या आदल्या रात्री सह्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद सरकवला जातो. कागद इंग्रजीत. ‘इथे अंगठा द्या, मावशी.’ मावशी अंगठा देते, कारण न दिल्यास उद्याचे ऑपरेशन पुढे जाईल अशी भीती तिच्या मनात असते आणि ती भीती घालवण्याची तसदी कोणी घेत नाही. निळी शाई पदराला पुसून ती निजते. तिच्यावर कोणता अभ्यास झाला, त्यातून काय निघाले, तिच्या सुनेला त्याचा काही उपयोग आहे का, हे तिला पुढे कोणीही सांगत नाही. अंगठा घेऊन सावकार जमीन लाटत असे. इथे जमीन नाही, म्हणून देह लाटला जातो.

आता आमची मागणी ऐका. तिला समिती लागत नाही, अनुदान लागत नाही, नवा कायदा तर नाहीच. प्रत्येक निवासी डॉक्टरला थिसिससाठी आठवड्यातला एक दिवस ड्युटीतून मोकळा द्या. ते जमत नसेल तर प्रत्येकाकडून वेगळा प्रबंध मागण्याचे थांबवा आणि अख्ख्या विभागाने मिळून तीन वर्षांत एकच अभ्यास धड करावा. संमतीचा कागद मराठीत, आणि तोही ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने रुग्णांची नावगावे वगळून प्रत्येक मास्टर चार्ट जनतेसमोर उघडा करावा.

आणि तोवर अधिष्ठात्यांनी एक काम उद्याच सुरू करावे. सादर झालेल्या प्रत्येक प्रबंधातले कोणतेही दहा केसपेपर नंबर डोळे मिटून निवडावेत, रेकॉर्ड सेक्शनमधून ते कागद मागवावेत आणि मास्टर चार्टशी ओळीने ओळ ताडून पाहावेत. ज्या प्रबंधाचे दहा रुग्ण सापडणार नाहीत तो विद्यापीठाकडे पाठवू नये, आणि त्यावर सही करणाऱ्या गाइडला पुन्हा एकही विद्यार्थी देऊ नये.